उललेल्या टाचा आणि मुठेलाचा गोळा

मालवणात मीठ बरणीतल्या बरणीत पाझरतं. झाकण नीट लागलं नाही तर सकाळी तळलेला पापड संध्याकाळपर्यंत सादळतो. आषाढात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी चढते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आंबोलीला त्याच्या दुपटीच्या आसपास. एवढ्या ओल्या मुलखात माणसाची कातडी कोरडी पडायला नको. तरी ती पडते. ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात, मासे कापणाऱ्या बाईच्या बोटांची पेरं चिरतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या नडग्या खवल्यांसारख्या होऊन रात्रभर खाजतात. घाटावर, सोलापूर-नगरकडे अंग फुटतं ते कोरड्या हवेने. इथे किनाऱ्यावर बहुतेक वेळा ते पाण्यानेच फुटतं. हे एकदा नीट समजलं की घरातल्या आणि दुकानातल्या औषधांपैकी कोणतं का लागू पडतं आणि कोणतं का पडत नाही, याचा उलगडा आपोआप होत जातो.

कातडीचा सगळ्यात वरचा थर जेमतेम कागदाइतका असतो. त्याची रचना कोकणातल्या माणसाला पटकन कळेल अशी आहे. जांभ्या चिऱ्याची भिंत डोळ्यांपुढे आणा. मेलेल्या, चपट्या पेशी हे चिरे आणि त्यांच्या मधला दर्जा, सांध्यात भरलेला चुना, म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचं मिश्रण. अमेरिकेतले त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी १९८० च्या दशकात वीट आणि चुन्याच्या भिंतीची हीच उपमा वापरली, आणि आजही अभ्यासक तीच धरून चालतात. चिऱ्यांच्या पोटात पाणी धरून ठेवणारे काही पदार्थ असतात, नैसर्गिक युरियाही त्यांतलाच. हे पदार्थ पाण्यात विरघळतात. हात तासन्‌तास पाण्यात राहिले की चिरे आधी फुगतात, मग त्यांच्यातला तो साठा धुऊन जातो, आणि हात बाहेर काढून वाऱ्यावर वाळले की आधी होतं त्याहूनही कमी पाणी आत उरतं. साबण तर थेट दर्ज्यावरच घाला घालतो. निरोगी कातडी किंचित आंबट असते, आम्लता मोजण्याच्या मापावर पाचाच्या आसपास. अंगाचा नेहमीचा साबण त्याच मापावर नऊ-दहा असतो. कढत पाणी, साबण आणि काथ्याची घासणी असा तिहेरी मारा रोज झाला की भिंतीचा दर्जा निखळतो.

काहींची भिंत जन्मतःच कच्ची असते. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला की कातडी खवल्यांची होते, आणि लहानपणीच्या इसबाचा धोकाही वाढतो. आईच्या नडग्या तशा, लेकाच्याही तशाच, हे आपण घराघरांत पाहतो ते उगीच नव्हे. त्यामुळे कातडी कोरडी पडणाऱ्या मुलाला ‘पाणी कमी पितोस’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. जास्त पाणी पिऊन टाचेची भेग बुजत नाही.

आता या किनाऱ्यावरचे धंदे बघा. मासळी निवडणाऱ्या आणि कापणाऱ्या बायकांचे हात पहाटेपासून बर्फ, खारं पाणी आणि माशाचा रस यांत असतात. रापणीचं जाळं ओढणाऱ्याच्या तळहातावर दोर घासतो आणि त्याच घासलेल्या जागी मीठ बसतं. शिरोड्याच्या मिठागरांचं नाव लोकांना १९३० च्या सत्याग्रहामुळे माहीत आहे. पण मिठागरात काम करणाऱ्याचे पाय दिवसभर कशात उभे असतात, याचा विचार फार कोणी करत नाही. आषाढात लावणीला चिखलात उभे राहणारे पाय, निवास-न्याहारीच्या घरांत आणि हॉटेलांत दिवसाला शेकडो ताटं घासणारे हात, हेही त्यातलेच. डॉक्टर याला ओल्या हातांचं काम म्हणतात. हाताच्या इसबाचं ते जगभरातलं एक मोठं कारण आहे. या माणसांना हात कोरडे ठेवा म्हणून सांगणं म्हणजे धंदा सोडा म्हणून सांगणं. त्यांच्या हातात एवढंच असतं की काम संपल्यावर खारं पाणी गोड्या पाण्याने धुवायचं, हात टिपायचे आणि लगेच काहीतरी स्निग्ध लावायचं. रबरी हातमोजे उपयोगी पडतात, पण आत सुती मोजा हवा, नाहीतर घामाने आतून तेच होतं.

शेतीच्या पायांबाबत थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे प्रश्न नुसत्या खाजेचा नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून चिखलात उतरतात आणि माणसाच्या अंगात शिरायला त्यांना कातडीतली फट पुरते. जखम, ओरखडा, टाचेची भेग, पाण्याने लिबलिबीत झालेली बोटांमधली कातडी, यांपैकी काहीही चालतं. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण निघत आले आहेत आणि माणसं दगावलीही आहेत. म्हणूनच आरोग्य खातं लावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतं. त्या जरूर घ्याव्यात. पण वैशाखातच टाचा बुजवून घेणं ही सुद्धा तितकीच शहाणी तयारी आहे, आणि ती कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते. भेगाळलेला पाय हा गावात दिसण्याचा प्रश्न मानतात, बाईमाणसाच्या नटण्यामुरडण्याचा. मृगापूर्वी नांगराच्या फाळाकडे बघतो तितक्याच काळजीने स्वतःच्या पायाकडे बघायला हवं.

चिखल्या मात्र वेगळ्या. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, सोलते, खाजते, वास येतो. तिथे ओल जास्त झालेली असते आणि बहुधा बुरशीही बसलेली असते. तिथे तेल लावणं चूकच. बेचके कोरडे करायचे, बुरशीवरची पावडर किंवा मलम लावायचं. मेंदीचा पाला वाटून लावायची जुनी रीत आहे, ती याच जागेसाठी. एकाच पायाच्या टाचेला तेल हवं आणि बोटांमध्ये तेल नको, हे ध्यानात ठेवलं की अर्धी लढाई जिंकली.

थंडी इथे नावालाच. पण कार्तिकापासून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे कोरडे असतात आणि ओठ तेव्हाच उलायला लागतात. नरकचतुर्दशीचं अभ्यंग नेमकं या वळणावर येतं. आधी तेल आणि मग आंघोळ, अशी आपली रीत. आजचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात आधी आंघोळ आणि मग तेल. माझ्या मते यात भांडण नाही. आधी लावलेलं तेल साबणापासून आणि कढत पाण्यापासून दर्जा वाचवतं, नंतर लावलेलं तेल अंगात मुरलेलं पाणी बाहेर पडू देत नाही. ज्याची कातडी फारच कोरडी आहे त्याने दोन्ही करावं. एकच जमणार असेल तर नंतरचं करावं, आणि तेही अंग नुसतं टिपून, ओलसर असतानाच. बेंबीत तेल घातलं की ओठ फुटत नाहीत, ही समजूत सगळ्या महाराष्ट्रात आहे. बेंबीपासून ओठापर्यंत तेल नेणारी कुठलीही वाट शरीरात नाही. ते तेल सरळ ओठांना लावावं.

या किनाऱ्याचं खरं स्वतःचं औषध म्हणजे रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांची चरबी. कुठे तिला कोकमतेल म्हणतात, कुठे भिरंडेल, कुठे मुठेल. आमसुलं करताना रातांबे फोडून साल बाजूला होते, रस आगळाला जातो आणि बिया उरतात. त्या धुऊन उन्हात खडखडीत वाळवायच्या, वरचं टरफल काढायचं, आतला मगज उखळात कुटायचा आणि भरपूर पाण्यात उकळत ठेवायचा. रात्रभर निवू दिलं की सकाळी पाण्यावर चरबीचा थर जमतो. तो काढून, वितळवून, गाळून, निवत आला की मुठीत दाबून वळायचा. मुठीत वळलेलं म्हणून मुठेल. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटलेले असतात. आमच्या घरी असा एक गोळा फडक्यात गुंडाळून चुलीजवळच्या फळीवर असायचा. आजी वैलावर वाटी ठेवून त्यातला खवलेला तुकडा वितळवी आणि आधी आमचे पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवायला लावी. ‘आदी पाय भिजव, मगे त्याल,’ हे तिचं वाक्य. या लेखासाठी वाचलेल्या सगळ्या शोधनिबंधांचं सार त्यात आहे.

या फळाची आणि त्याच्या चरबीची नोंदही जुनी आहे. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात या फळाचा ‘ब्रिंडाँव’ म्हणून उल्लेख केला. आपल्या भिरंडाचाच तो पोर्तुगीज उच्चार. फ्लुकिगर आणि हॅनबरी यांनी १८७४ साली लंडनहून काढलेल्या औषधी द्रव्यांच्या कोशात कोकमाच्या चरबीवर स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या आजीच्या फडक्यातला गोळा दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या औषधशास्त्र्यांच्या टेबलावर होता.

मुठेल इतकं नेमकं टाचेलाच का लागू पडतं? खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे मालवणात ते बाराही महिने जवळपास पातळच असतं आणि टाचेला लावलं की चपलेत उतरतं. कोकमाच्या चरबीत निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असतं आणि उरलेल्यात बहुतेक ओलेइक. ती ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान वितळते. पायाच्या कातडीचं तापमान याहून बरंच कमी असतं. म्हणून वितळवून ओतलेलं मुठेल भेगेच्या तळाशी पोचतं आणि तिथेच थिजतं. भिंतीची फट चुन्याने बुजवावी तसं ते बसतं, चालताना निघत नाही, भेगेचे काठ एकमेकांवर घासू देत नाही आणि आतलं पाणी उडू देत नाही. म्हणजे काम बरंचसं भौतिकाचं आहे. भेग भरून काढते ती कातडी स्वतःच, मुठेल तिला उसंत मिळवून देतं. एक सावधगिरी मात्र हवी. पूर्वी कडकडीत तापवून थेंब सोडत, चटका बसला की ‘लागू पडलं’ म्हणत. ते करू नये. ज्याला मधुमेह आहे, ज्याच्या पायाला मुंग्या येतात किंवा संवेदना कमी आहे, त्याला तो चटका कळणारही नाही आणि सकाळी फोड दिसेल. मनगटावर थेंब टाकून सोसवेल इतकंच कोमट असावं.

इतर स्निग्ध पदार्थांची परीक्षा बरीच झाली आहे. फिलिपाइन्समध्ये २००४ साली कोरड्या कातडीच्या ३४ जणांवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. दोन आठवड्यांनी दोन्हींचा गुण सारखाच आला. कोकणच्या खोबरेलाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नको. ऑलिव्ह तेलाचं उलट. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अभ्यासात, २०१३ साली, ते रोज लावलेल्या मोठ्या माणसांच्या कातडीचा दर्जा कमकुवत झालेला आढळला. उंदरांवरच्या प्रयोगात मोहरीच्या तेलाचीही तीच गत झाली. बाळंतपणाच्या भेटीत महागडं ऑलिव्ह तेल आणणाऱ्यांनी ते स्वयंपाकाला वापरावं. आयुर्वेदातलं शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, मला फार हुशारीची गोष्ट वाटते. घोटून घोटून पाण्याचे बारीक कण तुपात अडकवले जातात आणि आज ज्याला आपण क्रीम म्हणतो ते तयार होतं. चरकसंहितेत हातापायांच्या भेगांना विपादिका असं स्वतंत्र नाव आहे, म्हणजे दुखणं तेव्हाही नोंद घेण्याइतकं होतं.

अमेरिकेत १८७२ साली रॉबर्ट चेसब्रो याने व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. खनिज तेलाच्या विहिरीवरच्या मेणचट गाळातून ते निघालं. पाणी अडवण्यात आजही त्याची बरोबरी करणारं फार थोडं आहे, आणि डबी स्वस्त मिळते. फार जाड झालेल्या टाचांना मात्र नुसतं झाकण पुरत नाही. तिथे युरिया असलेलं मलम लागतं. अंगाला दहा टक्क्यांचं चालतं, टाचांना वीस किंवा अधिक. ते पाणी ओढून धरतं आणि घट्ट कातडी मऊ करून सोडवतं. उघड्या भेगेवर ते झोंबतं, म्हणून आधी चार दिवस व्हॅसलीन किंवा मुठेल, मग युरिया, हा क्रम सोपा जातो.

महाग लोशन की साधं मलम, या प्रश्नाचं उत्तरही मिळालं आहे. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ५५० मुलांना लोशन, क्रीम, जेल आणि मलम असे चार प्रकार वाटून दिले. २०२२ साली निष्कर्ष आला की गुणात फरक नाही, जे मूल जे नियमित लावून घेतं ते त्याच्यासाठी चांगलं. आंघोळीच्या पाण्यात घालायच्या औषधी तेलांची परीक्षा २०१८ साली ४८२ मुलांवर झाली आणि त्यांचा वेगळा काही लाभ दिसला नाही. तान्ह्या बाळांना वर्षभर रोज क्रीम लावलं तर पुढे इसब होणार नाही, ही आशा १,३९४ बाळांवरच्या अभ्यासाने २०२० साली मोडली. इसब टळलं तर नाहीच, कातडीचे संसर्ग किंचित वाढले. म्हणजे कोरड्या कातडीला स्निग्ध लावणं हा उपचार आहे, लस नव्हे. चांगल्या कातडीच्या बाळाला डब्यामागून डबे फासायची गरज नाही.

या जिल्ह्यात कातडीचे काही शत्रू झाडांवरच राहतात. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली भावंडं आणि तिघांच्या अंगात कातडी जाळणारी एकमेकांशी नातं असलेली द्रव्यं. काजूच्या टरफलातल्या तेलाने बी फोडणाऱ्या बायकांची बोटं काळी पडतात, सालपटं निघतात. हाताला राख किंवा तेल चोळून बसायची जुनी पद्धत आहे, पण हातमोज्याची सर तिला नाही. आंब्याच्या देठाचा चीक तोंडाला लागला की ओठाच्या कडेला चट्टा उठतो आणि आई म्हणते ओठ उलला. तो उललेला नसतो, भाजलेला असतो. सगळ्यात वाईट बिब्बा. भेगांत बिब्ब्याचं तेल भरायचा उपाय अजून सांगितला जातो आणि कोणाला केव्हा बिब्बा उतेल याचा नेम नाही. उतला की पाय सुजतो, फोड येतात, माणूस पंधरा दिवस खाटेवर. मुठेल हाताशी असताना हा उपाय कोणी करू नये, असं मी ठामपणे सांगेन.

आणि खाज म्हणजे कोरडेपणाच, असं धरून चालणं ही आजची सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. या घामट हवेत जांघेत, कमरेला, काखेत उठणारी गोल, कडा उचललेली खाज बहुधा गजकर्ण असतं. त्यावर तेल लावलं तर ते पसरतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभर हे गजकर्ण चिवट झालं आहे. त्यामागच्या बुरशीच्या एका जातीला २०२० साली भारतावरून ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव पडलं आणि नेहमीच्या टर्बिनाफिनला ती पुष्कळदा दाद देत नाही. त्यात भर पडली दुकानातून सहज मिळणाऱ्या मिश्र मलमांची. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये. दोन दिवसांत खाज थांबते, आठवड्यात दुप्पट उठते, आणि वर्षभर लावलं की कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उमटतात. केंद्र सरकारने २०१८ साली चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम केला. तरी नाक्यावर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की ट्यूब मिळते. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. खऱ्या इसबावर, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतं, ते फार गुणकारी आहे. पण गजकर्णावर ते आगीत रॉकेल ओतल्यासारखं.

घरातल्या दोघा-तिघांना एकदम, रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर खाज सुटली तर ती खरूज. सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावायला हवं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर काहीच उठलेलं नाही आणि तरी सर्वांगाला कंड सुटतो, तेल लावून महिना झाला तरी थांबत नाही, तर साखर, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. आणि एखादा फिकट, कोरडा चट्टा खाजतच नसेल, तिथे घाम येत नसेल, टोचलेलं कळत नसेल, तर एक दिवसही न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. कुष्ठरोगाची सुरुवात अशी असते आणि त्याचे उपचार मोफत आहेत. सुन्न झालेल्या पायांसाठी कुष्ठरोग्यांना जी निगा शिकवतात तीही आजीच्याच रीतीची: पाय वीस मिनिटं पाण्यात, जाड कातडी हलक्या हाताने घासून काढायची, मग ओल्या पायालाच तेल.

मुठेलाचं आज काय झालं आहे? सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखी जातिवंत झाडं दिली. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटात कोकोच्या जोडीला ज्या सहा वनस्पतिजन्य चरबी चालतात, त्यांत कोकमाची आहे. ओठांच्या मलमांच्या कारखान्यांनाही ती हवी असते. म्हणून आता बिया पोत्याने गोळा होऊन गिरण्यांत जातात, तिथून पांढरीशुभ्र, वास नसलेली चरबी निघते. टाचेला तीही चालते. घरगुती मुठेल किंचित पिवळट-करडं असतं, बोटाच्या उष्णतेने लगेच पाघळत नाही आणि खवट वास येत नाही. हातात घेताच तेलकट होऊन सुटलं तर त्यात दुसरं काही मिसळलं आहे असं समजावं. कोरड्या जागी, फडक्यात, ते पुढच्या रातांब्यांपर्यंत सहज टिकतं. कुडाळ-सावंतवाडीच्या आठवडा बाजारात आमसुलांच्या टोपलीशेजारी बसलेल्या बाईला विचारलं, तर कधीकधी ती पदराआडच्या पिशवीतून चार गोळे काढून दाखवते. प्रत्येकावर बोटांचे चार ठसे.